मालकी कोणाची, कुलूप कोणाचे?

पदवीच्या वर्गात ‘संपत्ती’ ही संकल्पना शिकविताना मी विद्यार्थ्यांना दरवर्षी एक साधा स्वाध्याय देतो. आपल्या घरातील टिकाऊ वस्तूंची यादी करावी आणि त्यांपैकी प्रत्येक वस्तू आज बाजारात नेली तर तिचे किती पैसे येतील, ते तिच्यापुढे लिहावे. नंदुरबार जिल्ह्यातील मुलांच्या या याद्या वाचण्यासारख्या असतात. सायकल, शिलाई यंत्र, पाण्याचे इंजिन, पितळी हंडे, घरावरचे पत्रे. कोणी शेळ्याही टिकाऊ वस्तूंत धरतो आणि त्याला चूक म्हणण्याचे धाडस मला होत नाही. जुन्या झालेल्या प्रत्येक वस्तूला काही ना काही किंमत असतेच. परंतु धडगावकडच्या एका विद्यार्थ्याने यादीतील एका वस्तूपुढे ‘शून्य’ असे लिहिले होते. ती वस्तू म्हणजे दूरचित्रवाणीचा उपग्रह-ग्राहक संच, अर्थात आपण ज्याला डिशचा बॉक्स म्हणतो तो. “बिघडला आहे काय?” असे मी विचारले. तो म्हणाला, “नाही सर, बॉक्स चांगला आहे. सेवा बंद झाली.”

वस्तू शाबूत आहे, ती पैसे मोजून घेतलेली आहे आणि तरीही तिची किंमत शून्य आहे. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घसारा म्हणून जे प्रकरण असते, त्यात हा प्रकार बसत नाही. झिजल्यामुळे किंमत उतरणे वेगळे आणि दुसऱ्याने दूर बसून कळ फिरविल्यामुळे किंमत नाहीशी होणे वेगळे. ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार ६९ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे आणि जेथील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, तेथे या ‘शून्या’चा विचार केवळ करमणुकीच्या साधनाचा विचार म्हणून बाजूस सारता येणार नाही.

डोंगरातील छत्र्या

सातपुड्याच्या रांगांत उपग्रह दूरचित्रवाणीचे महत्त्व सपाटीवरील वाचकाला सहज कळणार नाही. जमिनीवरील प्रक्षेपण केंद्रातून निघणाऱ्या लहरी डोंगराआड अडतात. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील दऱ्यांत त्या पोहोचणे अवघडच. उपग्रहाचे तसे नाही. विषुववृत्ताच्या वर सुमारे छत्तीस हजार किलोमीटर अंतरावर स्थिर भासणाऱ्या उपग्रहाकडून येणारा संदेश नंदुरबारच्या आकाशात निम्म्याहून अधिक उंचीवरून खाली उतरतो. त्यामुळे समोर डोंगर असला तरी तो सहसा आडवा येत नाही. म्हणूनच जेथे रस्ता आणि दूरध्वनी नीट गेले नाहीत, तेथेही आग्नेयेच्या बाजूला तोंड केलेल्या छत्र्या घरांवर दिसू लागल्या. शिवाय हा संच बारा व्होल्टवर चालणारा असल्यामुळे सौरदिव्याच्या बॅटरीवरही तो चालविता येतो.

या साधनाचे मोल २०२० साली विशेषत्वाने जाणवले. शाळा बंद होत्या आणि भ्रमणध्वनीचे जाळे डोंगरात विरळ होते. त्या वर्षी जुलैमध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली पाठमाला सुरू झाली. शालेय अभ्यासक्रमाच्या ‘पीएम ई-विद्या’ वाहिन्याही दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेवर आल्या. ज्याच्या घरातला संच चालू होता, त्याच्या घरी शाळेचा थोडा तरी अंश पोहोचण्याची शक्यता होती. ज्याच्या घरी तो निर्जीव होऊन पडला होता, त्याच्यासाठी तीही वाट बंद झाली. म्हणून संच ‘चालू’ असणे की ‘बंद’ असणे, हा प्रश्न मला शिक्षक या नात्यानेही महत्त्वाचा वाटतो.

तीन प्रयोग, तीन शेवट

उपग्रह सेवा बंद झाली की ग्राहक संचांचे काय होते, याचा आपल्या देशाला अर्धशतकाचा अनुभव आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात ‘साइट’ हा उपग्रहाद्वारे शिक्षणाचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सामुदायिक दूरचित्रवाणी संच बसविण्यात आले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. परंतु शेजारचे मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक होते. वर्ष संपले, अमेरिकेने उपग्रह परत नेला आणि जाळीच्या त्या मोठ्या छत्र्यांना आकाशातून मिळणारे काही उरले नाही. पुढे काही भागांत जमिनीवरील प्रक्षेपण केंद्रांच्या आधारे कार्यक्रम चालू ठेवण्यात आले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, संच सरकारचा होता, प्रयोगाची मुदत आधीच जाहीर होती आणि सेवा संपल्याने झालेले आर्थिक नुकसान एकाही शेतमजुराच्या खिशातून गेले नाही.

दुसरा अनुभव ‘वर्ल्डस्पेस’ या उपग्रह नभोवाणीचा. २००० साली सोडलेल्या एशियास्टार उपग्रहावरून तिचे कार्यक्रम भारतात येत. शास्त्रीय संगीताला वाहिलेली ‘गंधर्व’ ही तिची वाहिनी आठवणारे शिक्षक आणि बँकांतील कर्मचारी आजही भेटतात. मूळ कंपनीने २००८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील सेवा बंद पडली. ज्या संचांत साध्या नभोवाणीचीही सोय होती ते थोडेफार उपयोगी राहिले. बाकीचे शोभेच्या कपाटात गेले. नुकसान ग्राहकाचे झाले खरे. पण तो ग्राहक बहुतांशी मध्यमवर्गीय होता. त्याने हळहळ व्यक्त केली आणि तो दुसऱ्या साधनाकडे वळला.

तिसरा अनुभव थेट घरात येणाऱ्या उपग्रह दूरचित्रवाणीचा, म्हणजे डीटीएचचा. खाजगी सेवा २००३ पासून सुरू झाल्या. दूरदर्शनची मोफत सेवा, जी आज ‘फ्री डिश’ या नावाने ओळखली जाते, ती २००४ च्या डिसेंबरात आली. खाजगी सेवांपैकी रिलायन्सची ‘बिग टीव्ही’ २००८ साली निघाली. २०१७ च्या अखेरीस मूळ कंपनीने त्या व्यवसायातून अंग काढून घेतले. सेवा दुसऱ्यांच्या हाती गेली आणि पुढे ती टिकली नाही. ज्या कंपन्या चालू आहेत, त्यांचेही सक्रिय ग्राहक घटत आहेत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीप्रमाणे २०२० साली सशुल्क डीटीएचचे सक्रिय ग्राहक सात कोटींच्या घरात होते. मार्च २०२५ अखेर ते पाच कोटी सत्तर लाखांच्या आसपास आले. ही एक कोटीहून मोठी घट म्हणजे नुसती वजाबाकी नव्हे. त्यामागे तितकेच संच कोठेतरी माळ्यावर, फडताळात किंवा भंगारवाल्याच्या गोणीत आहेत.

या तीन अनुभवांतून एक क्रम स्पष्ट दिसतो. पहिल्या वेळी जोखीम शासनाने घेतली, दुसऱ्या वेळी ती सुखवस्तू ग्राहकावर आली आणि तिसऱ्या वेळी ती डोंगरातील मजुरापर्यंत येऊन पोहोचली. तंत्रज्ञान स्वस्त झाले, त्याबरोबर जोखीमही खालच्या पायरीवर उतरली. लोकशाहीकरण या गोंडस शब्दाखाली ही दुसरी बाजू झाकली जाता कामा नये.

कुलूप नेमके कोठे आहे?

छतावरची छत्री, तिच्या तोंडाशी असलेला एलएनबी, तेथून घरात येणारी वायर आणि दूरचित्रवाणीजवळचा बॉक्स असे या यंत्रणेचे चार भाग असतात. पैकी पहिल्या तिघांवर कोणाचेही कुलूप नाही. छत्री म्हणजे संदेश एका बिंदूवर गोळा करणारा वळणदार पत्रा. तिला कंपनीचे नाव असते, निष्ठा नसते. आपल्याकडील जाणकार कारागीर जुन्या छत्रीचे तोंड फिरवून, नवा स्वस्त बॉक्स जोडून, मोफत सेवा चालू करून देतात. मोफत सेवेचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे आणि ‘बिग टीव्ही’चा उपग्रह ९१.५ अंशांवर होता. दोहोंत अंतर अवघे दोन अंशांचे. छत्री किंचित सरकविली की काम झाले. एलएनबी मात्र पाहून घ्यावा लागतो. कारण सर्वच एलएनबी सर्व सेवांना चालत नाहीत.

कुलूप आहे ते बॉक्सच्या पोटात. सशुल्क वाहिन्यांचे संदेश गूढलिपीत पाठविले जातात आणि ते उलगडण्याची अनुज्ञा कंपनीकडून उपग्रहाद्वारेच त्या विशिष्ट बॉक्सला मिळत असते. इथवर तक्रारीला जागा नाही. ज्याने पैसे भरले त्यालाच कार्यक्रम दिसावा, हे व्यापाराच्या नीतीला धरूनच आहे. परंतु कंपन्यांनी येथेच न थांबता बॉक्सची आज्ञावलीच अशी रचली की, तो दुसऱ्या उपग्रहाकडे पाहूच नये. पुष्कळदा रिचार्ज संपल्यावर ज्यांवर कोणतीही गूढलिपी नाही अशा वाहिन्यादेखील तो दाखवीत नाही. वस्तुतः भारतातील या साऱ्या सेवा डीव्हीबी या एकाच सामाईक मानकावर चालतात. बॉक्सच्या आतील यंत्ररचना तत्त्वतः मोफत वाहिन्या पकडण्यास समर्थ असते. तिला अडविते ती आज्ञावली. घर विकत देऊन दाराची किल्ली विक्रेत्याने स्वतःच्या कमरेला लावावी आणि गाव सोडताना ती बरोबर घेऊन जावी, तसा हा प्रकार आहे.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे सौदा झाला की लगाम घेणाऱ्याच्या हाती जातो. विकणाऱ्याने पुढे धंदा सोडला म्हणून घोडा जागीच थिजत नाही. व्यवहाराचा हा नियम यात्रेतील निरक्षर माणसालाही ठाऊक असतो.

गरिबाचा विमा

‘जुन्या बॉक्सचे असे कितीसे पैसे येणार?’ असा प्रश्न कोणी करील. हा प्रश्न ज्यांची बचत बँकेत असते त्यांचा आहे. गरीब कुटुंबात वस्तूचे पुनर्विक्रीमूल्य हाच अडीअडचणीचा विमा असतो. आजारपण आले, पेरणीला बियाणे हवे झाले, ऊसतोडीची उचल मिळण्यास उशीर झाला, की घरातली एखादी वस्तू बाजार पाहते. इंजिन विकता येते, हंडा गहाण पडतो, शेळी तर चालते-बोलते चलनच. जी वस्तू परत पैशांत बदलता येत नाही, ती या हिशेबात संपत्ती राहत नाही. तो नुसता झालेला खर्च ठरतो.

दुसरे असे की, बाजारात जुन्या मालाला किंमत असते तेव्हाच त्याची दुरुस्ती करणारा माणूस जगतो. सायकलचा, पंपाचा, मोटारसायकलचा मिस्तरी जुन्या वस्तूंच्या जीवावर उभा आहे. कुलूपबंद बॉक्सच्या बाबतीत कारागिराचे कौशल्यही वाया जाते. तो वायर बदलील, ॲडॅप्टर बदलील, रिमोट नीट करील. पण चांगला बॉक्स चालू करून देणे त्याच्या हातात नसते. परिणामी तो बॉक्स वजनाच्या भावाने जातो. तांबे आणि ॲल्युमिनियम काढून घेतल्यावर उरलेली मंडलपट्टी कोठे तरी जाळली जाते. तिच्या धुराचा हिशेब कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात येत नाही.

नियम होता, अंमल नव्हता

हे संकट कोणाच्या ध्यानात आले नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. २००१ च्या डीटीएच परवान्याच्या अटींतच असे म्हटले होते की, बॉक्स मुक्त रचनेचा असावा आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या सेवांत तो परस्पर चालावा. त्यासाठी बॉक्समध्ये एक खाच ठेवण्याचे मानकही ठरले. दुसऱ्या कंपनीचे उलगडा करणारे उपकरण तीत बसवावे, अशी कल्पना होती. ते उपकरण नव्या बॉक्सइतकेच महाग पडू लागल्यामुळे ग्राहकाने त्या वाटेस जाण्याचे कारण उरले नाही. अट कागदावर पाळली गेली आणि हेतू बाजूला राहिला. शेवटी नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२० मध्ये, देशातील सर्व बॉक्स परस्परांच्या सेवांत चालण्याजोगे असणे बंधनकारक करावे, अशी शिफारस सरकारला केली. शिफारशीला वर्षे लोटली. घराघरांतील बॉक्स अजून आपापल्या कंपनीशी जखडलेलेच आहेत.

कंपन्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. आरंभीच्या काळात बॉक्स खर्चाहून कमी किमतीत दिले गेले. ती रक्कम मासिक वर्गणीतून भरून निघेपर्यंत ग्राहक टिकून राहावा, ही अपेक्षा गैर नाही. चोरून प्रक्षेपण पाहण्याचे भयही खरे आहे. जुन्या बॉक्सना नवी संक्षेपपद्धती उलगडता येत नाही, ही तांत्रिक मर्यादा तर दूरदर्शनच्या मोफत सेवेलाही चुकलेली नाही. तथापि हे सारे युक्तिवाद सेवा चालू असेपर्यंतचे आहेत. सेवा बंद झाल्यानंतर चोरी कशाची होणार? आणि सवलतीची वसुली तरी कोणाकडून करावयाची? ज्या क्षणी कंपनी आपली जबाबदारी संपली असे जाहीर करते, त्याच क्षणी त्या कुलपाचे समर्थनही संपते. त्यानंतर उरते ती केवळ नासाडी.

युरोपीय संघाने २०१८ च्या आपल्या संदेशवहन संहितेत या प्रश्नाचे साधे उत्तर दिले आहे. करार संपल्यावर ग्राहकाला बॉक्स विनामूल्य आणि विनासायास परत करता आला पाहिजे. हा बॉक्स इतर कंपन्यांच्या सेवांवर पूर्णपणे चालतो, असे जी कंपनी सिद्ध करील, तिलाच त्यातून सूट. म्हणजे कुलूप घालावयाचे असेल तर ओझेही तुम्हीच वाहा. ओझे नको असेल तर कुलूप काढा. आपल्याकडे कुलूप कंपनीचे आणि ओझे ग्राहकाचे, अशी वाटणी झालेली आहे.

काय करता येईल?

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये प्रसारभारतीसाठी सुमारे २५३९ कोटी रुपयांची ‘बाइंड’ योजना मंजूर केली. दुर्गम, आदिवासी आणि सीमावर्ती भागांत तसेच आकांक्षित जिल्ह्यांत आठ लाखांहून अधिक फ्री डिश संच मोफत वाटण्याचा तिचा एक भाग होता. नंदुरबार हा २०१८ पासून आकांक्षित जिल्हा आहे. योजनेचा हेतू स्तुत्य आहे, यात वाद नाही. परंतु एका बाजूने घराघरांत चांगले बॉक्स कुलपाअभावी नव्हे तर कुलपापायी पडून राहावेत आणि दुसऱ्या बाजूने सरकारी तिजोरीतून नवे बॉक्स खरेदी करून वाटावेत, याला नियोजन म्हणणे कठीण आहे. गरिबाने एकदा ग्राहक म्हणून पैसे भरले. तोच करदाता म्हणून, मिठाच्या पुडीवरील नव्हे तर साबणाच्या वडीवरील करातून, पुन्हा भरतो.

या दृष्टीने तीन गोष्टी करण्याजोग्या आहेत. पहिली, परवान्यात अशी अट असावी की, सेवा बंद करणाऱ्या कंपनीने शेवटचा संदेश बॉक्सचे कुलूप उघडण्याचा पाठवावा. निदान मोफत वाहिन्या तरी त्यावर दिसू लागाव्यात. उपग्रहाद्वारे आज्ञावली बदलण्याची सोय या यंत्रणेत असतेच. बंद पडण्यापूर्वी तिचा एकदा ग्राहकासाठी वापर व्हावा. कंपनी बुडाल्यास हे करण्यास कोणी उरणार नाही, म्हणून उघडण्याची किल्ली परवाना देतानाच सरकारी यंत्रणेकडे ठेवून घ्यावी. दुसरी, ज्या बॉक्सना ही सोय लागू करता येणार नाही, ते परत घेऊन ठरावीक रक्कम देण्यासाठी कंपन्यांकडून आगाऊ ठेव घ्यावी. २०२३ च्या एप्रिलपासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकण्याचे तत्त्व मान्य केलेलेच आहे. ते तत्त्व मोलगीच्या बाजारापर्यंत पोहोचले पाहिजे, एवढेच.

तिसरी गोष्ट आपल्या हातची आहे. छत्री, एलएनबी, वायर आणि ॲडॅप्टर यांवर कोणाचेही कुलूप नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मुलांना छत्रीची दिशा बसविण्याचे, एलएनबी पारखण्याचे आणि मोफत सेवा जोडण्याचे शिक्षण थोड्या दिवसांत देता येईल. ग्रामपंचायतींनी गावातील पडून असलेल्या साहित्याची नोंद करावी. शाळा आणि अंगणवाड्यांसाठी आधी ते वापरावे आणि कमी पडेल तेवढेच नवे मागवावे. आठ लाख संच वाटणाऱ्या योजनेला अशा नोंदीची जोड मिळाली, तर तोच पैसा अधिक घरांपर्यंत जाईल.

२९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक याच जिल्ह्यातील टेंभली गावात देण्यात आले. प्रत्येक माणूस कोण आहे, हे ओळखण्याची यंत्रणा उभारण्याचा आरंभ ज्या जिल्ह्यातून झाला, तेथील माणसाने पैसे देऊन घेतलेली वस्तू खरोखर त्याची आहे की नाही, एवढा लहानसा प्रश्न तरी आता निकालात निघावयास हवा. माझ्या विद्यार्थ्याने आपल्या यादीत लिहिलेले ते शून्य मी खोडले नाही. हिशेब म्हणून ते बरोबरच होते. ते चूक ठरविणे हे शिक्षकाचे काम नाही. ज्यांच्या हाती परवाने आणि नियम आहेत त्यांचे ते काम आहे.